पेंटरची हिरवी गाडी

माझ्या ताईचा नवरा गाड्यांना रंग मारायचा. एक-दोन नाही, चाळीस वर्षं. आमच्या भागात त्यांना सगळे पेंटरच म्हणत, आणि मी भाऊजी म्हणत असे, तेही भांडण नसेल तेव्हा.

कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी पेंटरला सोबत न्यायचं, मग विकणाऱ्याशी बोलायचं, हे इतकं ठरून गेलं होतं की लोक सोयरीक जमवताना जितकी चौकशी करत नाहीत तितकी गाडीसाठी करायला लागले. पेंटरांची पद्धत वेगळी होती. ते आल्या आल्या गाडीकडे बघायचेच नाहीत. काचा वर करायला लावायचे, दारं बंद, दहा मिनिटं गाडी उन्हात. मग दार उघडून गुडघे टेकायचे आणि पायाखालची मॅट उचलून तिथे नाक खुपसायचे. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला आणतात. वरून नव्यासारख्या दिसतात, पण आत वायरींना गंज चढत असतो, आणि अशी गाडी कधी दगा देईल ते सांगता येत नाही. पाणी गेलं तरी ओल राहते आणि ओलीचा वास लपत नाही, असं ते सांगायचे. रंग सगळ्यात शेवटी. "आधी रंग बघितला की मन बसतं, आणि मन बसलं की अक्कल उठते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका मास्तरांना लाल गाडी फार आवडली होती, तर त्यांना म्हणाले, "मास्तर, गाडी म्हणजे चप्पल. पायाला लागली नाही म्हणजे झालं. तिचं रूप काय चाटायचंय?" मास्तर बिचारे पांढरी घेऊन गेले.

मी एका लाँड्रीत काउंटरवर बसते. सव्वीस वर्षं झाली. माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. एकदा भाऊजी शेजाऱ्यांसाठी गाडी बघत होते, मी सहज म्हटलं, हे दार जरा वेगळ्या रंगाचं वाटतंय. तर चारचौघांत म्हणाले, "मेहुणीबाई, तुम्ही चादरी मोजा." सगळे हसले. मी पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही, आणि गाडीच्या बाबतीत तर पुन्हा तोंड उघडायचं नाही असं ठरवून टाकलं.

मग ताईची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दोन बस बदलून जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं आणि दोन बस बदलून परत यायचं. येताना तिच्यात काही उरलेलंच नसायचं. थांब्याच्या कठड्यावर बसून राहायची, पायात गोळे आलेले, डोळे मिटलेले. एके दिवशी गर्दीत कुणाचा तरी कोपर तिच्या सुई टोचलेल्या हाताला लागला आणि पट्टीतून रक्त यायला लागलं. भाऊजींनी तो हात घर येईपर्यंत आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला होता. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, गाडी घ्यायची.

आम्ही तिघं जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. एक राखाडी गाडी होती, एका निवृत्त नर्सची. उंच सीट, रुंद उघडणारं दार. दिसायला पत्र्याचा डबा. ताई आडवी बसली, पाय आत घेतले, आणि कुणाचा हात न धरता उठलीसुद्धा. भाऊजींनी काचा, मॅट, सीटखालचे स्क्रू सगळं तपासलं आणि म्हणाले, "हीच."

परत निघताना आवाराच्या टोकाला ती हिरवी दिसली. गडद हिरवी, लांब, बुटकी. भाऊजी सोळा वर्षांचे असताना त्यांच्या उस्तादांकडे अशीच एक आली होती. आठ दिवस रंगाआधी तिला ओला पॉलिश पेपर घासला होता त्यांनी, पण एकदाही आत बसायला मिळालं नव्हतं. हे त्यांनी आम्हाला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ताईलाही ते ठाऊक नव्हतं. ते गाडीभोवती तीनदा फिरले. बोटांची मागची बाजू बॉनेटवरून फिरवत म्हणाले, "एकदाही रंग मारलेला नाही. मूळचा आहे अजून."

"आवडली?" ताईनं विचारलं. आवारवाल्यानं तिला खुर्ची दिली होती, तिथूनच.

"छे. काय करायचीय?"

"आवडली, आवडली!" ताई हसायला लागली. वर्षभरात तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. "अहो, घ्या. हौसेला मोल नसतं."

"अगं, केवढी खाली आहे. तुला वाकता येईल का?"

"मग तुम्ही द्याल की हात."

किंमत दोन्हींची सारखीच होती, त्यामुळे अडवायला तेही कारण नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली, ती इथेच सांगते. भाऊजींचं नाक सहा वर्षांपूर्वीच गेलं होतं. इतकी वर्षं थिनर आणि स्प्रेच्या धुरात काढल्यावर दुसरं काय होणार? दूध शेजारी करपलं तरी त्यांना कळत नसे, आणि ताई म्हणायची, यांचं लक्ष नसतं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ज्या माणसाला गावभर नाकासाठी बोलावतात त्यानं काय सांगायचं? मॅटखाली नाक घालायचे ते निव्वळ दाखवायला. खरं ते सीटखालच्या स्क्रूंचा गंज बघून ओळखायचे, आणि सहा वर्षं त्यात चुकले नव्हते.

त्या दिवशी त्यांनी स्क्रू बघितलेच नाहीत. आधी रंग बघितला होता ना. गुडघे टेकले, डोकं आत घातलं, नेहमीइतकाच वेळ थांबले आणि बाहेर येऊन म्हणाले, "स्वच्छ आहे."

मी दुसऱ्या दारातून आत वाकले होते. वरून अत्तर मारलेलं होतं, पण त्याच्याखाली ओल्या कपड्यांचं गाठोडं चार दिवस बांधून ठेवल्यावर येतो तो वास होता. तो वास ओळखण्याचाच मला पगार मिळतो. मी तोंड उघडलं आणि मला 'चादरी मोजा' आठवलं. समोर ताई हसत होती. मी मनाशी म्हटलं, पेंटर स्वच्छ म्हणतात तर असेल. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली, पण खरं एवढंच आहे की मला राग होता आणि मी गप्प बसले.

पुढचे चार महिने भाऊजी दुसरेच माणूस झाले. रोज सकाळी गाडी पुसायचे. मास्तर येता-जाता म्हणायचे, "काय पेंटर, चप्पल फारच चकाकतेय!" डायलिसिसहून आल्यावर ताईला त्या खोल सीटवरून उठता यायचं नाही. भाऊजी तिच्या काखेत हात घालून एक, दोन, तीन म्हणत तिला ओढून उभी करायचे. तिला दुखायचं, मला दिसायचं. पण जाताना ते तिला तळ्याच्या बाजूनं लांबच्या रस्त्यानं न्यायचे आणि ती थंडीतसुद्धा काच खाली करून बसायची.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला स्वयंपाकघरात धरलं. "वास येतो गं त्या गाडीला. तुला आला?"

"थोडा येतो."

"त्यांना बोलू नकोस हं. गाडी चालवताना गुणगुणतात गं. मला वाटायचं, यांना गाणं येतच नाही."

"आणि बंद पडली म्हणजे?"

"इतकी गुणाची गाडी, कशाला बंद पडेल?" ती म्हणाली, आणि मी पुन्हा गप्प बसले.

पाचव्या महिन्यात दवाखान्यातलं मशीन बिघडल्यामुळे ताईची एक खेप हुकली. पुढच्या खेपेला निघाली तेव्हा पाय सुजून खांबासारखे झाले होते, बोलताना दम लागत होता. पुलावर गाडीचे सगळे दिवे एकदम लागले, एकदम विझले, आणि गाडी उभी राहिली. भाऊजींनी बॉनेट उघडलं. ते रंगारी, वायरिंगमधलं त्यांना काय कळणार? तरी अर्धा तास खटपट करत राहिले. "झालंच, झालंच," असं ताईला सांगत राहिले. शेवटी भाजीच्या एका टेंपोवाल्यानं दोघांना दवाखान्यात पोचवलं. तोवर तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. तिथली बाई वाईट नव्हती. इंजेक्शन देववलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचाच."

सकाळ तिला मिळाली नाही. पहाटे शेजाऱ्यांच्या गाडीतून नेली, ती दवाखान्याच्या पायऱ्यांवरच गेली.

महिन्याभरानं भाऊजींनी मला बोलावलं. दारात ती गाडी उभी होती, चारही सीट काढून भिंतीला लावलेल्या. सीटच्या खाली, चिकटवलेल्या गालिच्याच्या आत बोटभर सुकलेला गाळ निघाला होता. भाऊजी उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी मला आपल्या नाकाचं सगळं सांगितलं, अगदी सरळ, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मग विचारलं, "तुला आला होता का वास?"

"हो."

"केव्हा?"

"घेताना."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्यासमोर रडले, माफी मागितली, रागाचंही सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आणि तिला?"

"तिला नाही," मी म्हणाले. "तिला काही कळलं नव्हतं, भाऊजी."

ते आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. पिशवीत साबणाच्या वड्या होत्या, सात-आठ. कागद काढलेल्या, वाळून तडकलेल्या. एकेक ताईच्या जुन्या रुमालाच्या तुकड्यात गुंडाळलेली.

"सीटखाली होत्या," ते म्हणाले. "प्रत्येक सीटखाली दोन-दोन. मग या कुणी ठेवल्या?"

त्यांनी एक वडी उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"कसला वास आहे गं?"

"लिंबाचा."

त्यांनी वडी परत नाकाशी नेली.