सुरुवातीच्या यादीतला अनोळखी

मुलं मोठी झाली आणि मला पुन्हा नोकरी लागली. घरूनच करायची, आमच्या मुलुंडच्या हॉलमध्ये बसून. आदल्या संध्याकाळी ऑफिसच्या पोरीने फोनवर सांगत सांगत माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय काय घालून घेतलं. मी आपली 'यस, यस' दाबत होते.

पहिल्या सकाळी घरातल्या घरात इस्त्रीचा ड्रेस घालून बसले. कॉम्प्युटर चालू केला, तर एक काळी खिडकी आली नि गायब! मी पडले हुशार. कॉम्प्युटरबरोबर कोण कोण आपोआप सुरू होतं, ती यादी उघडली. त्यात एक भलत्याच नावाचा प्रोग्राम. मेला हॅकर, पहिल्याच दिवशी! केला बंद, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि ऑफिसचं पान म्हणालं, 'तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित नाही, प्रवेश बंद.' वाट लागली! सुरू व्हायच्या आधीच नोकरी गेली म्हणायची.

त्या पोरीला फोन लावला, स्पीकरवर. तेवढ्यात सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवून खणखणीत मालवणी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, माज्या सुनेच्या मशीनीत जा काय घुसला आसात, तेका भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून आवाज आला. पोरगी कणकवलीची निघाली!

हसू आवरल्यावर मी त्या प्रोग्रामचं नाव सांगितलं, तशी ती म्हणाली, "अहो ताई, बंद केलात तो आमचाच. व्हायरस शिरायच्या आत पहाऱ्यावर हवा, म्हणून सुरुवातीलाच चालू होतो. नुसत्या नावाला घाबरू नका. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तिच्यावर कुठल्या कंपनीची डिजिटल सही आहे, ते बघा. तरी शंका आली तर आधी मला विचारा ना!"

बघितलं. सगळं बरोबर. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आपलोच माणूस भायर घालवलो. चुकला-माकला पदरात घे, तेका परत आत घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी किंचाळलो. मी तो प्रोग्राम चालू केला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि ऑफिसचं पान उघडलं.

लगेच साहेबांचा फोन. "पहिल्याच दिवशी उशीर? किती वेळ वाट बघायची तुमची?"

इतक्या वर्षांत घराबाहेरच्या कोणी माझी वाट बघितली नव्हती. मी इतक्या आनंदाने "सॉरी सर!" म्हणाले, की साहेबच गडबडले.