उलट वळलेली बिडी

वरठीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर छोटी पुलिया आहे. गळ्यात पिवळे दुपट्टे टाकलेली पोरं दिवसभर तिथे बसायची. त्यांनी पंक्चरवाल्याला भरदुपारी चोपलं, पोरी स्टेशनला लांबच्या वाटेने जाऊ लागल्या, तेव्हा आम्ही बिडीवाल्या बायकांनी ठरवलं की रोज सुपं घेऊन आपणच तिथे बसायचं. बिड्या घरात वळल्या काय आणि पुलियावर वळल्या काय. मग मेले बसतील कुठे?

शेजारणीचं पोरगं त्यांना सामील आहे, असा माझा संशय होता. त्याची गाडी विनाकारण गल्लीत घरघरायची, दुपट्टेवाल्यांजवळ थांबायची. ही बाई साळसूद तोंडाने आमच्यात बसणार आणि घरी जाऊन सगळं ओकणार, याची मला खात्रीच होती. माझं पोरगं आयटीआयला जाणारं, सुपारीसुद्धा न खाणारं.

पहिल्या दिवशी बसण्याआधी आम्ही पुलिया झाडली. बिड्यांची थोटकं निघाली. शेजारणीने एक उचललं, फिरवून पाहिलं आणि गुपचूप पदराला बांधलं. लांबूनच मला त्याचं उलटं वळण दिसलं. गल्लीत डावखुरी मी एकटीच. माझ्या हातची बिडी उलट्या बाजूने गुंडाळली जाते, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. माझा माल कारखान्यात जातो आणि दूर कुठे विकला जातो. पुलियावर तो घरातूनच आला असणार, आणि घरात आम्ही दोघंच.

पोराला जेवताना विचारलं.

"मी नाई पीत, आई."

"मंग कोणाले देऊन राहिला?"

तो भातात बोटं फिरवत राहिला. "मांगतेत. नाई म्हनलं का पंक्चरवाल्यावानी करतेत."

दुसऱ्या दिवशी शेजारणीने गाठ सोडण्याआधीच मी सगळ्यांसमोर बोलले. बोलले तेही तिच्यावरच्या रागाने. "थे बिडी माह्या घरची आहे. माहं पोरगं त्याइले नेऊन देते."

शेजारणीने पदराची गाठ सोडली. थोटकाबरोबर गाडीची किल्ली होती.

"सकाळीच माह्या पोराजवळून हिसकली, थो बी त्याइच्यातच फिरते," ती म्हणाली. "तू माह्या पोराचं नाव सगळ्याइले सांगशीन, म्हनून तुह्यावर डोळा ठेवून होती मी."

"मी बी," मी म्हटलं.

संध्याकाळी आमची दोन्ही पोरं पुलियावर आमच्यासमोर बसून तेंदूची पानं कापत होती. दुपट्टेवाले चकरा मारून गेले. मी तिच्या पोरावरून नजर काढली नाही, तिने माझ्या पोरावरून.