चाकं जमिनीवर टेकल्यावर

माझी गाडी जुनी आहे आणि मी तिच्याहून जुना. यंदा खड्ड्यांतून जाताना पुढच्या चाकाखालून टकटक ऐकू येऊ लागली, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. एका माणसाच्या दारात जायला मी दहा वर्षं निमित्त शोधत होतो.

चाक ज्या लोखंडी आर्मला धरून असतं, त्याच्या टोकांना रबराची जाड नळकांडी बसवलेली असतात. त्यांना बुश म्हणतात. खड्ड्याचा हिसका ती पोटात घेतात. दहा वर्षांपूर्वी आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीने ती बदलली होती. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत. बोल्ट त्याने नुसते हाताने फिरवून ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, जेवून येतो. हात लावू नका. गाडी खाली घेतली की मग आवळायचे."

मला बहिणीकडे हेदवीला जायची घाई होती. तासभर थांबलो, पाना उचलला, गाडी अधांतरी असतानाच बोल्ट करकचून आवळले आणि निघालो. त्याचा फोन आला, "चाकं जमिनीवर टेकल्यावर आवळलाव ना?" मी म्हणालो, "हो तर."

तसं आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत बुश फाटले; मिस्त्रीनेच ते काढून नवे घातले. मी चहाच्या टपरीवर सांगितलं, मिस्त्री नकली माल घालतो. मास्तरांचा शब्द तो. लोक आपल्या गाड्या दुसरीकडे नेऊ लागले. दोन वर्षांत त्याने गॅरेज बंद केलं.

या वेळी दुकानदाराने माझ्यासमोर दोन प्रकारचे बुश ठेवले. एक काळे, रबराचे. दुसरे लाल, प्लॅस्टिकसारखे कडक. "लाल न्या, आयुष्यभर बघायला नको." मी दोन्ही घेऊन मिस्त्रीच्या घरी गेलो.

त्याने काळ्यात नख रुतवून पाहिलं, वास घेतला. "लाल घातलाव तर खड्डा थेट मणक्यात. आणि आयुष्यभर म्हणजे कुणाच्या? तुमच्या म्हणत असाल तर कायपण चालंल."

मी हसलो, आणि हसता हसताच सांगून टाकलं. "तेव्हा मी गाडी वर असतानाच आवळले होते."

"ठावूक हाय. फाटलेला बुश हातात घेतला तेव्हाच पीळ दिसला."

"मग बोलला का नाहीस?"

"मास्तर खोटं बोलतात, असं मी सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं?" त्याने काळे बुश माझ्या हातात दिले. "मला सांगून काय उपयोग? टपरीवर बोललाव, तिथंच बोला. पण आधी काम. हे फ्रीजरमधे ठेवा, थंडीनं जरा आकसतात. उद्या सकाळी येतो."

बायको फ्रीजर उघडून म्हणाली, "बांगडे कुठं ठेवू?" मी म्हणालो, "आज बांगडे तळून टाक."

सकाळी मिस्त्री अंगणात खुर्ची टाकून बसला. त्याचे गुडघे गेलेत, खाली वाकवत नाही. म्हणून हात माझे आणि डोळे त्याचे. मी गाडीखाली आधाराला जांभ्या दगडाचा चिरा सरकवला तर ओरडला, "जांभा फुटला तर तुमची चटणी होईल. लाकूड घ्या." फणसाचे ठोकळे आणले. चाकं आणि आर्म सोडवून जुने बुश शिकंज्यात दाबून काढले तेव्हा फाटलेलं रबर टपकन अंगणात पडलं, आणि मला पोरासारखा चेव चढला. नव्या बुशवरची खूण कुठल्या बाजूला येते ते त्याने दोनदा विचारलं. साबणाचं पाणी लावून मी बुश दाबला. गार बुश सरळ आत गेला. सत्तरी ओलांडल्यावर इतका आनंद कशाचा झालेला मला आठवत नाही.

मग आर्म जागेवर, आणि बोल्ट. हाताने फिरवले आणि पाना बाजूला ठेवला. चाकं लावली, खाली शिरायला जागा राहावी म्हणून ठोकळ्यांवर टेकवली, गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर आलं. मिस्त्री म्हणाला, "आता." मी खाली सरपटलो आणि आवळलं. एकेक बोल्ट आवळताना तो वरून मोजत होता.

त्याला शेजारी बसवून नाक्यापर्यंत गेलो. गतिरोधक आला, गेला, आवाज नाही. टपरीवर नेहमीची मंडळी होती. चहावाला म्हणाला, "गाडी गप्प झाली की. कुणी केलं?"

"मिस्त्रीने शिकवलं, मी केलं," मी म्हणालो. "आणि मागच्या वेळी बिघडवलं तेही मीच. त्याचा माल खरा होता. मी घाईने चुकीचं आवळलं, आणि इथे बसून त्याची बदनामी केली."

बाकावरचे एक निवृत्त कंडक्टर माझ्याकडे पाहत राहिले. "म्हंजे धा वर्षं आमी उगाच लांब गाड्या नेल्या?" मी मान हलवली. त्यांनी खिशातली किल्ली काढून मिस्त्रीपुढे सरकवली. "माझीपण वाजते. बघतोस?"

मिस्त्रीने चहा संपवला, मग किल्ली उचलली. "मास्तरांच्या अंगणात आणा उद्या. पण आवळायचं मी सांगेन तेव्हाच."

हे शेवटचं तो माझ्याकडे बघून म्हणाला.