रातकिडेवाले सर

"याला पाणी किती लागतं?" समोर काहीही खायला आलं की सर पहिलं हेच विचारायचे. स्टाफरूममध्ये कुणाच्या साखरपुड्याचे पेढे आले तरी हेच. उत्तराची वाट न पाहता अर्धा पेढा तोंडात, अर्धा हातात आणि पाय व्हरांड्याकडे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी बोलायचं तर बरोबर चालावं लागतं.

ते आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे सिल्लोडकडचे, शेतकरी घरातले. आम्ही दोघंही बीड बायपासच्या पलीकडे राहायचो. तिथं प्लॉट पडले, घरं उठली, नळाला पाणी तेवढं आलं नाही. त्या दुष्काळी वर्षांत टँकरचा हॉर्न वाजला की मास्तर काय नि वकील काय, सगळे बादल्या घेऊन पळायचे. सर त्या रांगेतही येरझाऱ्या घालायचे. तिथंच एकदा कानाशी येऊन म्हणाले, "सर, मी रातकिडे पाळलेत. खायला."

मी बघायला गेलो. मागच्या खोलीत प्लॅस्टिकचे क्रेट, त्यांत अंड्यांचे ट्रे, दुधीच्या साली आणि कानठळ्या बसवणारी किरकिर. "पाणी म्हणाल तर एवढा ओला कापूस, बस," सर म्हणाले. "मटणाच्या तोडीचं प्रथिन हाय. वर लोह, बी-ट्वेल्व्ह. अन् जागा? पलंगाखाली मावतंय सगळं."

ही हौस नव्हती. सरांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, अंगात रक्त कमी होतं. चार पायऱ्या चढल्या की भिंतीला टेकायच्या. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, मटणाचा वास सोसायचा नाही. त्यांनी हे खावं, एवढ्यासाठीच सरांचा आटापिटा चालला होता.

"माझ्या फ्रीजमधी किडे ठेवलेत यांनी," वहिनी मला म्हणाल्या. मग सरांकडं वळून, "आधी तुम्ही खाऊन दाखवा. रोज. मग बघू."

सरांनी ते मनावर घेतलं. गोठवलेले रातकिडे भाजायचे, दळायचे, ज्वारीच्या पिठात मिसळून स्वतः धपाटे थापायचे. स्टाफरूममध्ये डबा उघडून म्हणायचे, "घ्या की." तेवढ्यात आम्हा सगळ्यांना तास असल्याचं आठवायचं. ते एकटेच खायचे, मान खाजवत, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत. ओठ सुजल्यासारखे दिसायचे. "सर, आतून चावतायत वाटतं," आम्ही चिडवायचो. "ऊन लई हाय," ते म्हणायचे.

एक दिवस धपाट्याचा तुकडा घेतला आणि त्यांना श्वासच घेता येईना. पिशवीसकट रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वहिनींना बोलावून घेतलं. इंजेक्शन दिल्यावर तासाभरानं आवाज फुटला. डॉक्टरबाई कोकणातल्या होत्या. "कोळंबी सोसते का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कधी खाल्लीच नाय," सर म्हणाले. आमच्या भागात कोळंबी आणणार कोण? पण ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांना बहुधा हे किडेही सोसत नाहीत, दोघं एकाच कुळातले, असं बाईंनी सांगितलं. संधिपाद प्राण्यांचं ते कूळ सर दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायचे. यापुढे एक घासही घ्यायचा नाही, पिठाच्या जवळही जायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

"रोज खाज सुटायची, तरी खात व्हते?" वहिनींनी विचारलं.

"मीच सोडलं असतं, तर तू कशाला खाल्लं असतंस?"

सरांच्या पिशवीतला डबा घेऊन वहिनी लांब दारापाशी गेल्या, तुकडा मोडला आणि डोळे मिटून खाल्ला. काही झालंच तर डॉक्टरबाई तिथंच होत्या, म्हणून मीही अडवलं नाही.

पुढं शेजाऱ्यांनी किरकिरीची तक्रार केली आणि दोघं लासूर स्टेशन गावात राहायला गेले. परवा जाऊन आलो. वहिनी आता भराभर जिना चढतात. कशानं, ते डॉक्टर जाणोत. सरांना मात्र शंका नाही. मागं जाळीची शेड आहे. आत वहिनींचं राज्य, सरांना मज्जाव. ते बाहेरच्या बाहेर फेऱ्या मारत होते.

"आज खाल्लंस का?" जाळीपासून दोन हात लांब उभं राहून त्यांनी विचारलं.

"खातीय."

"कसं लागतंय?"

"भाजल्या शेंगदाण्यावानी."

"अजून?"

वहिनी थोडा वेळ चावत राहिल्या. "आज मीठ जरा जास्त पडलंय," त्या म्हणाल्या.