उजव्या बाजूच्या दाढा

शेवटचा हप्ता भरून काजवाली बँकेबाहेर आली आणि पायरीवरच थांबली. तिला वाटलं होतं, आज रडू येईल. आला तो संताप. दुसऱ्याच्या दुकानाचं कर्ज अकरा वर्षं आपण फेडायचं आणि वर काउंटरवरच्या पोरीने गोड हसून म्हणायचं, "अभिनंदन मॅडम, आता तुम्हाला दुप्पट कर्ज मिळू शकतं!" अगं बाई, कुणी मागितलंय? मानेवरचा धोंडा आत्ता कुठे उतरला, तर ही मंडळी दुसरा घेऊन तयारच!

काजवाली हे काही तिचं नाव नव्हे. शिंप्याच्या दुकानात ती कोट-शर्टांची काजं हाताने करायची, बटणं लावायची, म्हणून सगळे तिला तसंच म्हणायचे. त्या कामात एक गोम आहे. शिलाई चुकली तर उसवता येते, काज मात्र एकदा कापलं की कापलं. म्हणून ती बटण कापडावर ठेवून बघायची, खूण करायची, पुन्हा एकदा बघायची आणि मगच कात्री लावायची. तिच्या हातून दुकानात एक कपडा वाया गेला नव्हता. आणि अशा बाईने आयुष्यातली सगळ्यात महागडी सही कशी केली? तर "वहिनी, इथं फक्त एक सही करा" एवढं ऐकून! ते आठवलं की तिचा स्वतःवरच जळफळाट व्हायचा.

झालं होतं असं. मोठ्या दिरांनी टाइल्सचं दुकान काढलं आणि बँकेच्या कर्जाला ही नवरा-बायको जामीन राहिली. दोन वर्षांत दुकान बसलं. दिरांनी स्वतःचं घर बायकोच्या नावावर करून टाकलं आणि काखा वर केल्या. बँक जामीनदारांच्या मागे लागली. नवरा छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर कामाला. माणूस कष्टाळू, पण भिडस्त इतका, की मोठ्या भावापुढे तोंडाला कुलूप. मग काय, पोटाला चिमटा काढून दोघं हप्ते भरत राहिली. दीर अधूनमधून यायचे, नव्या घड्याळात वेळ बघायचे आणि जाता जाता म्हणायचे, "होईल रे सगळं व्यवस्थित." होईल म्हणे! आपोआप होतंय का ते?

त्या वर्षांत काजवालीच्या उजव्या बाजूच्या दाढा गेल्या. एकेक करून गेल्या. दाढ वाचवायला बरेच पैसे पडतात, उपटून टाकायला थोडे. डॉक्टर म्हणायचे, "ही वाचेल अजून." ती म्हणायची, "काढून टाका." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की तो पेपरातून मान वर न करता विचारायचा, "दुखायचं थांबलं ना?" थांबायचं. दाढच नाही म्हटल्यावर दुखणार काय, कपाळ? शेवटी उजवीकडे वर-खाली नुसत्या हिरड्या राहिल्या. गाल आत बसला. घास डावीकडेच घोळवत बसावं लागे, त्यामुळे ताटावरून सगळ्यात शेवटी ती उठायची, आणि अर्धवट चावलेलं पोटात जाऊन रोज दुपारी पोट धरून काम करायची.

म्हणून पुढचा बेत तिने काजं करता करता कधीच पक्का केला होता. हप्त्याला जाणारे पैसे आता घरात राहणार. त्यातून सगळ्यात आधी दाढा. डॉक्टरांशी बोलणंही झालं होतं. "जमेल तसे आणा, एकेक बसवत जाऊ," म्हणाले होते. मग कामाच्या जागी एक चांगला दिवा, कारण काळ्या कोटावर काळा दोरा आताशा दिसेनासा झाला होता. मग स्वतःच्या खात्यात अडीनडीला थोडी शिल्लक. आणि कर्ज? या जन्मात नाही!

त्या संध्याकाळी तिने बेत घरात सांगून टाकला. कॉलेजात जाणारी लेक खूश झाली.

"आई, दाढा बसल्या की सगळ्यात आधी काय चावणार?"

"तुझ्या काकाला."

लेक पोट धरधरून हसली. नवरा मात्र हसला नाही. शर्टाचं बटण उगाच फिरवत बसला. त्याचं काहीतरी बिनसलंय हे काजवालीच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण ती आपल्याच आनंदात होती.

रविवारी दीर हजर. आले, पंख्याखालची खुर्ची पकडली आणि सुरू झाले. आता त्यांना व्यायामशाळा काढायची होती. जागा बघून ठेवली होती, यंत्रं पसंत केली होती.

"फक्त एकच, माझं नाव बँकेत चालत नाही हल्ली," ते म्हणाले. जणू काही नावाला आपोआप गंज चढला होता! "याचं नाव मात्र आता लख्ख. कर्ज याच्या नावावर काढू, घर तारण ठेवू. हप्ते मी भरणार. शब्द आहे माझा."

"मागच्या शब्दाचं काय झालं, भाऊजी?"

"अहो वहिनी, तेव्हा बाजारच पडला होता."

"बाजार पडला आणि भरलं आम्ही. आता मला माझ्या दाढा बसवायच्यात."

दीर मोठ्याने हसले. "पैसा असा तोंडात घालून वाढतो का? पैसा फिरला पाहिजे! आणि दाढा काय हो, आत असतात. कुणाला दिसतात?"

काजवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा शर्टाचं बटण फिरवत होता.

"मी बोललोय याच्याशी छापखान्यात जाऊन," दीर उठता उठता म्हणाले. "हा हो म्हणालाय. परवा बँकेत यायचं. घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा वहिनी, तुमचीही सही लागेल."

दार लागल्या लागल्या ती नवऱ्याकडे वळली. "हो कशाला म्हणालात?"

"दादाला नाही म्हणता येत नाही गं मला."

"मला मात्र 'नाही' बरं म्हणता येतं! इतकी वर्षं डॉक्टरकडे जायचं म्हटलं की 'आत्ता नको, पुढच्या महिन्यात'. तेव्हा कसं पटकन तोंडातून निघायचं?"

त्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला.

तरी ठरल्या दिवशी ती बँकेत गेली. दिरांना वाटलं, वहिनी नमल्या. नमते कसली! गेली नसती तर दिरांनी कागद घरी आणले असते आणि सही होईपर्यंत डोक्यावर बसले असते. नाही म्हणायचं तर चारचौघांत, साक्षीदारांसमोर म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं. घर गेलं तर पोरीला घेऊन कुठं जायचं, हा प्रश्न त्या दोन भावांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

साहेब तरुण होता, बोलायला मऊ. त्याने कागद सरकवले. "सर, तुम्ही इथं, इथं आणि इथं. मॅडम, तुम्ही त्याच्या खाली." नवऱ्याने पेनचं टोपण काढलं. दीर टेबलावर बोटं वाजवत बसले होते.

"तारण काय म्हणालात?" काजवालीने विचारलं.

"घर, मॅडम."

"घर कशाला? तारण तर आधीच देऊन झालंय."

"म्हणजे?"

तिने बोट घालून उजवा गाल बाजूला ओढला आणि टेबलावर वाकून तोंड उघडलं. साहेब खुर्चीत मागे सरकला. शेजारच्या टेबलावरची बाई टाइप करता करता थांबली. काजवालीने गाल सोडला.

"बघितलंत? इथं दाढा होत्या. या भाऊजींच्या दुकानात गेल्या सगळ्या. एकेक हप्ता भरायचा म्हणून मी एकेक काढून टाकली. आता यांना व्यायामशाळा काढायचीय. डावी बाजू शिल्लक आहे अजून, ती पण लिहून घेता का?"

"शी!" दिरांनी तोंड फिरवलं. "काय हे वहिनी, लोकांत! झाका ते तोंड!"

टेबलावर टक् असा आवाज झाला. नवऱ्याने पेन खाली ठेवलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. तो मोठ्या भावाकडे वळला.

"दादा, तोंड फिरवू नकोस. बघ."

"अरे, तू पण काय हिच्या नादाला—"

"अकरा वर्षं तिच्यासमोर बसून जेवलो. मीही बघितलं नाही. आता तू बघ. बघितल्याशिवाय इथून उठायचं नाही."

दीर साहेबाकडे बघायला लागले. साहेबाने सगळे कागद गोळा केले आणि खणात टाकले.

काजवालीने खुर्ची दिरांच्या बाजूला वळवली, बोट गालात घातलं आणि तोंड उघडून धरलं.