खिडकीतला माणूस आणि हरभऱ्याचं पाणी

परवा तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडल्या आणि त्या वासासरशी गावाकडच्या, मेडशीच्या घरातली एक दुपार आठवली. मी सुट्टीला गेले होते, लॅपटॉपवर माझ्या आवडीचा एक संथ रशियन सिनेमा लावला होता, आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून मोटरीच्या लाइनीची, म्हणजे वीज येण्याची, वाट पाहणारे बाबा शेंगांचं टोपलं घेऊन शेजारी येऊन बसले. पडद्यावर दूरच्या ग्रहावर एकटा राहिलेला माणूस खिडकीशी बसून धुकं पाहत होता. बराच वेळ नुसतं तेवढंच. "हँग झालं काय वं?" बाबांनी विचारलं. "नाही बाबा, धुकं पाहा, सरकतंय." त्यांनी पाहिलं. "मंग हा कोणाची वाट पाहून राह्यला?" "ते सांगतच नाहीत." मला वाटलं, आता हसून उठतील, मारामारीशिवायचा सिनेमा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. तेवढ्यात शेजारच्या काकांनी कुंपणावरून हाक दिली, "लाइन आली हो, मोटर लावा!" एरवी या हाकेला बाबा भरल्या ताटावरून उठून शेताकडे धावायचे. "आलो, आलो," ते ओरडले आणि बसूनच राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर हळूच म्हणाले, "याले एकट्याले सोडून कसा जाऊ? हा उठला का मी बी उठतो." आता पुण्यात हा सिनेमा कुणाला दाखवला की हमखास विचारतात, यात होतं तरी काय? मी सांगते, हरभऱ्याला पाणी उशिरा मिळतं.