शाळेच्या मैदानातल्या दोन रांगा

माझं माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक नाला आहे, बस. आमच्या वांग्याच्या वावरातून हाक मारली तर पलीकडे माझ्या वहिनीला ऐकू जाते. पोरगी जवळ दिली म्हणून आईला केवढा आनंद झाला होता! तिला काय माहीत, पुढे दोन्ही गावं मिळून मंडळ परिषदेची, म्हणजे आमच्याकडच्या पंचायत समितीची, एकच जागा होईल, आणि एकाच पक्षाचं तिकीट मागायला एकीकडून माझा भाऊ आणि दुसरीकडून माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, उभे राहतील.

मागच्या वेळी तिकीट आदिलाबादेत बसून कोणीतरी ठरवलं होतं आणि रुसलेल्यांनी आपल्याच माणसाला पाडलं होतं. म्हणून या वेळी पक्ष म्हणाला, उमेदवार गावातल्या सभासदांनीच निवडावा. चिठ्ठ्यांवर कोणाचा भरवसा नव्हता. मग ठरलं की शाळेच्या मैदानात दोघांनी उभं राहायचं आणि ज्याला जो पाहिजे त्याच्या मागे रांग लावायची. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! बचत गटातल्या आम्हा बायकांना पक्षाने आधीच सभासद करून ठेवलं होतं. आता भोगा.

आमच्या घरात दोन भाऊ, दोन जावा आणि एक चूल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी भासऱ्यांशी एक शब्द बोललेले नव्हते. आमच्यात रीतच तशी आहे. ते दारात येऊन खाकरतात, मी पदर नाकापर्यंत ओढते, मग ते आत येतात. मला काही सांगायचं असलं तर जाऊबाईंना सांगतात आणि मी ऐकते. आजच्या पोरी हसतात याला. हसू द्या. पण त्या खाकरण्यात मान आहे. घरात सून आहे, तिला सावरायला वेळ द्यावा, एवढा विचार तो माणूस रोज करतो.

भावाचा फोन आला, "तू त माह्याच मागं उभी राहशीन, मले मालूम हाय." नवरा जेवताना म्हणाला, "आपल्या घरचे सगळे दादाच्या रांगेत. हे का सांगा लागते?" एकानेही मला विचारलं नाही की बाई, तुझ्या मनात काय आहे. जसं काही मी भाजीचं टोपलं, कोणी इकडे ठेवावं, कोणी तिकडे!

माझ्या मनात पूल होता. पावसाळ्यात नाल्याला पाणी चढलं की ऑटो येत नाही, आणि बोथच्या बाजाराला जायची मेथी घरातच पिवळी पडते. त्या पुलासाठी माझा भाऊ मंडळ ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता. भासरे माणूस सोन्यासारखे, पण कोणी पुलाचं काढलं की म्हणत, "होईन, होईन." भाऊ परका असता तरी मी त्याच्याच मागे गेले असते. हे मी एकट्या जाऊबाईंजवळ बोलले. त्यांनी भाकर थापता थापता हात थांबवला आणि म्हणाल्या, "बाई, तुह्या पाया पडतो, असं काही करू नको. हे घर फुटन."

तीच भीती मलाही होती. एकदा चूल वेगळी झाली की ती पुन्हा एक होत नाही, हे मी आजूबाजूच्या घरांत पाहिलं आहे. त्या आठवड्यात वरणात मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही. नवरा विचारायचा, "काऊन गप हायेस?" मी म्हणायचे, काही नाही, डोकं दुखून राह्यलं.

तो दिवस उगवला. मैदानात भासरे एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला. भावाकडे जायचं तर भासऱ्यांच्या समोरून जावं लागत होतं. मी पदर ओढला आणि निघाले. पदराखालून मला फक्त माती आणि लोकांच्या चपला दिसत होत्या. भासऱ्यांच्या चपला दिसल्या, मागे गेल्या. भावाच्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिले.

आणि काय झालं असेल? लोक हसायला लागले! सगळ्यांना वाटलं, पदरामुळे बाईला दिसलं नाही, रांग चुकली. नवरा तिकडून ओरडला, "अवं, तिकडं नाई! इकडं ये, इकडं!" आदिलाबादहून आलेला पक्षाचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "अम्मा, आप गलत लाइन में हो." पुढची बाई माझा दंड धरून ओढायला लागली.

देवानेच वाट करून दिली म्हणा. मुकाट्याने वळले असते तर घर वाचलं असतं, माझी अब्रूही राहिली असती. मी वळलेही अर्धी. पण मग डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांची बाई मी, मला रांग कळत नाही? मी पदर कपाळाच्या वर सारला आणि भर मैदानात म्हणाले, "मी चुकली नाई. पाहूनच उभी राह्यली."

हसणं बंद झालं. भासऱ्यांनी माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी मान खाली घातली, ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकीट भावाला मिळालं. त्याने मला पेढा दिला तर हातात धरवेना. घरी येताना नवरा चार पावलं पुढे चालत होता, एकदाही मागे वळला नाही. वाटेत बाया कुजबुजत होत्या, शेवटी माहेरचं रक्त. पुलाचं कोणाला सांगणार!

संध्याकाळी आम्ही दोघी जावा चुलीपुढे बसलो. त्या भाकरी थापत होत्या, मी शेकत होते. माझं सगळं ध्यान दाराकडे. आज भासरे खाकरतील का? भर गावासमोर जिने पदर सारला तिच्यासाठी कशाला खाकरतील? सरळ आत येतील, आपलं ताट वेगळं मागतील, आणि संपेल सगळं.

अंगणात चपला वाजल्या. दाराशी थांबल्या. मग काहीच नाही. तव्यावरची भाकर करपली तरी मला उलटवेना.

भासरे खाकरले.

मी पदर ओढला, आणि त्याच्या आत मला रडू फुटलं. ते आत आले, पाटावर बसले, भाकर मोडली. थोड्या वेळाने जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, भावाले म्हणा पह्यले पूल. पूल नाई झाला, त मी तिलेच विचारीन." जाऊबाईंनी त्यांना माझं मन कधी सांगितलं, मला ठाऊक नाही. पण गावात माझ्या पुलावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस निघाला, आणि मी त्यालाच पाडलं होतं.

भाऊ निवडून आला. पूल अजून झालेला नाही. फोनवर मी त्याला आधी पूल विचारते, मग वहिनीची तब्येत. तो म्हणतो, "होईन, होईन." आणि संध्याकाळी दारात खाकरणं ऐकू आलं की पदर ओढता ओढता माझ्या छातीत धस्स होतं, आज विचारतील.